नाकतोड्याचा चौथा शॉकअप

आजवर कोणालाही सांगितलं नाही ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लिहिताना पळवाट राहणार नाही. बहात्तरच्या दुष्काळात पाथर्डीच्या बाजूला एका पाझर तलावाच्या कामावर जीप उलटली. त्या जीपच्या पुढच्या डाव्या शॉकॲब्सॉर्बरला मी पिनेच्या जागी सायकलच्या चाकातली तार घातली होती. जीप उलटल्यावर त्या तारेचा तुटका तुकडा मीच काढला, तिथे खरी पिन बसवली, आणि मालकांना सांगितलं की गाडीत दोष नव्हता.

बायकोला हे माहीत नाही. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते वस्ताद गेले, त्यांनाही सांगितलं नाही. मी फारसा बोलत नाही असं लोक म्हणतात, आणि ते माझ्या स्वभावावर घालतात. थोडंफार खरंही आहे. पण एक गोष्ट दाबून ठेवायची असली की माणूस बाकीच्याही गोष्टी हळूहळू बोलायच्या सोडतो.

तेव्हा मी अठ्ठावीसचा होतो. नगरला स्टेशनच्या रस्त्यावर वस्तादांचं गॅरेज होतं, तिथे कामाला होतो. मिलिटरीच्या जुन्या गाड्या लिलावात निघायच्या आणि नगरभर पसरायच्या, त्यामुळे जीपची कामं पुष्कळ. आणि जीप म्हटली की लोक वस्तादांच्या आधी मला विचारू लागले होते. ही हवा माझ्या डोक्यात शिरली होती, हेही इथेच लिहून ठेवतो.

ती जीप अशीच लिलावातली. मालक काष्टीकडचे बागायतदार. तलावाच्या कामावरच्या माणसांना पिण्याचं पाणी पोचवायचं काम त्यांनी घेतलं होतं. जीपला टप नाही, दारं नाहीत, मागचा पत्रा कापून तिथे लाकडी फळ्या ठोकलेल्या. पुढे दोन सीटं, मागे पाण्याचे दोन ड्रम. रस्ता तिच्या नशिबी नव्हताच. विहीर तीन मैलांवर, मधे नांगरट, खडक आणि शेवटी टेकडीवरून कामावर उतरणारा एक उभा उतार. चारही शॉकॲब्सॉर्बर, ज्यांना आम्ही गॅरेजवाले शॉकअप म्हणतो, केव्हाच मेलेले होते. शॉकअप मेला की चाकांवरचे लोखंडी पाटे गाडीला नुसते उडवत ठेवतात. एक दणका बसला की पुढच्या चार उड्या फुकट. कामावरच्या बायांनी तिचं नाव ठेवलं होतं नाकतोडा.

मालक गॅरेजमध्ये आले आणि स्टुलावर बसायच्या आधीच म्हणाले, “मेस्त्री, दोन ड्रम भरून निघत्यात अन् एक पोचतोय. बाया मला शिव्या घालत्यात, अन् त्यांचं काय चुकीचं हाय? त्या नाकतोड्याचे पाय बांधा बुवा.”

चार शॉकअप त्यांनी स्वतःच भंगारबाजारातून मिळवले होते. मिलिटरीचेच, न वापरलेले, तपकिरी कागदात ग्रीस लावून गुंडाळलेले. गाडी नगरला आणायची सोय नव्हती, कारण गाडी इकडे आली की त्या दिवशी तिकडे पाणी नाही. म्हणून अवजारांची पिशवी घेऊन मीच एसटीने गेलो.

नाकतोड्याचा ड्रायव्हर त्याच भागातला. माझ्याच वयाचा, उंच, हडकुळा, डोक्याला कायम एक मळकट टॉवेल गुंडाळलेला. त्याच्या गावातून दसरा-दिवाळी झाली की घरंच्या घरं ऊसतोडीला निघायची. त्याचे आईबाप, भाऊ, चुलते सगळे जायचे. तो एकटा ट्रकवर क्लीनर म्हणून राहिला, धक्के खात शिकला आणि लायसन काढलं. लग्नानंतर त्याने बायकोला एक शब्द दिला होता, आणि ती तो सगळ्यांना ऐकवायची: “मला म्हनले हुते, तुझ्या हातात कोयता देनार न्हाई.” त्याचा पाय फार हलका होता. ब्रेक कधी दाबला ते गाडीत बसलेल्याला कळायचं नाही. मालक म्हणायचे, “मी ह्याला पाय बघून ठिवलाय, तोंड बघून न्हाई.” यावर तो लाजून हसायचा आणि पायातल्या वहाणेकडे बघायचा. त्या पायाचा त्याला अभिमान होता, आणि तो खरा होता.

बायको त्याच्याबरोबर विहिरीवर जायची, रहाटाने पाणी ओढून ड्रम भरायची, आणि परत येताना त्याच्या शेजारच्या सीटवर बसायची. पाण्याच्या खेपेला माणूस लागतं म्हणून मालकांनी तिलाही कामावर धरलं होतं.

बाभळीखाली जीप लावून मी कामाला लागलो. जुने शॉकअप निघता निघेनात. रॉकेल ओतलं, हातोडी मारली. ड्रायव्हर खाली आडवा पडून पाने देत होता. नवा शॉकअप बसवण्याआधी तो उभा धरून दहा-बारा वेळा खालीवर ओढायचा असतो, म्हणजे आतली हवा निघून जाते. ते काम मी त्याला दिलं.

“मेस्त्री, हे तर ताक घुसळल्यावानी हाय.”

बायको ड्रमला टेकून बसली होती. ती म्हणाली, “ताक? कसं असतंय ते ताक? वरीस झालं बघून.”

“घुसळतोय न्हवं तुझ्यासाठी. वाईच दम धर.”

“तेलाचं ताक तुमीच प्या.”

मी फारसं हसत नसे, पण त्या दिवशी हसलो. अंगाला ग्रीसचा आणि बाभळीच्या फुलांचा वास येत होता. का कोण जाणे, तो वास अजून लक्षात आहे.

आता कामाचं थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. या जीपला शॉकअप वर एका आणि खाली एका खुंटीवर अडकवलेला असतो. खुंटीवर रबर, मग शॉकअपचं भोक, परत रबर, वर वायसर, म्हणजे लोखंडी चकती, आणि सगळं बाहेर निसटू नये म्हणून खुंटीच्या टोकाला आरपार भोकात एक स्प्लिट पिन. चिमट्यासारखी दोन पायांची पिन असते, आत घालून पाय फाकवायचे. चार शॉकअपना आठ पिना. मी डबीत आठच घेऊन गेलो होतो. जास्तीच्या घेतल्या नाहीत. मला जास्तीच्या लागत नाहीत, असा माझा समज होता.

शेवटचा शॉकअप पुढचा डावा. खालच्या टोकाला पिन घालून पाय फाकवले आणि मग दिसलं की वायसर घालायचा राहून गेला. पाय सरळ केले, पिन काढली, वायसर घातला, पिन परत घातली, पाय परत फाकवले. एक पाय तुटून हातात आला. दोनदा वाकवलेली पिन तुटणारच, हे गॅरेजमध्ये पहिल्या आठवड्यात शिकतात.

तोवर दुपार कलली होती. ड्रम सकाळपासून रिकामे. बांधावर बाया घागरी घेऊन रांगेने बसल्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. जुन्या पिना मी काढतानाच छिन्नीने तोडल्या होत्या. गावात दुकान नव्हतं. एक खेप बिनपिनेची कशी करायची? ड्रायव्हर आणि त्याची बायको भाकरी खायला पलीकडच्या झोपडीत गेली होती. हजेरी कारकुनाची सायकल दुसऱ्या बाभळीला टेकलेली होती, आणि कारकून कागदपत्रांच्या पेटीवर डोकं ठेवून झोपला होता. मी पक्कड घेतली, त्याच्या मागच्या चाकातली एक तार कापली, तिचा तुकडा दुमडून भोकात घातला आणि टोकं वळवली. घट्ट बसली. दोन-चार दिवस निघतील, असं मनाशी म्हणालो.

अशी जुगाडं सगळेच करत. त्यात लाज नव्हती. पण आमच्या वस्तादांचा एक दंडक होता. तात्पुरतं काम केलं की त्या जागी लाल चिंधी बांधायची. गाडी उद्या कोणाच्याही हातात गेली तरी खाली वाकल्यावर त्याला दिसावं, की इथलं काम अजून पुरं व्हायचंय. गॅरेजमध्ये लाल कापडाच्या चिंध्यांची पिशवीच टांगलेली असे. आमच्याकडे येणाऱ्या सगळ्या ड्रायव्हरांना ही गोष्ट पाठ होती, आणि ट्रकवर असल्यापासून आमच्याकडे येणाऱ्या या ड्रायव्हरला तर फारच. रोज सकाळी निघण्याआधी तो गाडीखाली डोकं घालून बघायचा. चिंधी दिसली तर तिथे हात लावून बघायचा. नसली तर उठायचा.

माझ्या पिशवीत चिंधी होती. मी ती बाहेर काढलीसुद्धा. तेवढ्यात मालकांची मोटरसायकल आली.

“झालं का, मेस्त्री?”

“झालं.”

“चारी?”

“चारी.”

मालक रांगेतल्या बायांकडे वळून मोठ्याने म्हणाले, “ह्यो मानूस काम करतो तवा परत बघावं लागत न्हाई. नगरात दुसरा न्हाई असला.” सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. मी चिंधीला हात पुसले आणि ती पिशवीत टाकली.

खेप मी स्वतः केली, मालक शेजारी बसले. येताना दोन्ही ड्रम भरलेले. खडकावरून गाडी एकदा खाली बसायची, एकदा वर यायची आणि गप्प व्हायची. उतारावरूनसुद्धा पाणी हिंदकळलं नाही. कामावर पोचलो तेव्हा ड्रायव्हरच्या बायकोने ड्रमात डोकावून बघितलं आणि ओरडली, “आगं बया! मेस्त्री, नाकतोड्याची म्हैस केली की तुमी!” बाया हसायला लागल्या. तहानलेल्या बाया, आणि हसत होत्या. मी खुशीत होतो. इतका खुशीत की ड्रायव्हरला बाजूला घेऊन, डाव्या शॉकअपवर नजर ठेव, एवढंही सांगितलं नाही. त्याला चार शब्द सांगायचे होते. जिभेवर आले आणि मी ते गिळले, कारण नुकतंच कौतुक झालं होतं.

पिना दुसऱ्याच दिवशी घेतल्या. पण गॅरेजमध्ये एक इंजिन उघडलेलं होतं, निघणं झालं नाही. पाचव्या दिवशी सकाळच्या एसटीत बसलो. काम एकदा बघून येतो, असं वस्तादांना सांगितलं. पिनांची पुडी, एक जास्तीचा वायसर आणि पक्कड खिशात होती.

एसटीतून उतरून पायी निघालो आणि टेकडीला वळसा घालून बघतो तर खाली जीप कुशीवर पडलेली. चाकं माझ्या बाजूला. मुरमाच्या ढिगाऱ्याला टेकून पडली होती आणि आजूबाजूची माती ओली, काळी. महिन्यांमागून महिने मी ओली माती बघितली नव्हती. पहिल्यांदा डोळ्यांत भरलं ते तेच. पाणी. मग माणसं दिसली. मग मला कळलं की मी काय बघतोय. 

एक बाई पाटी टाकून माझ्याकडे धावत आली. “मेस्त्री, तुमाला कुनी सांगितलं? इतक्यात कसं आलात तुमी?”

मला कोणी सांगितलं नव्हतं. पण मी मान हलवली. त्या दिवसाचं पहिलं खोटं ते.

झालं होतं ते असं. सकाळची दुसरी खेप. दोन्ही ड्रम भरलेले, नवरा-बायको पुढे. उतारावर आले आणि ब्रेकचं पायडल खाली गेलं ते वर आलंच नाही. हँडब्रेक त्या गाडीला केव्हापासूनच नव्हता. खाली पाट्या वाहणाऱ्या बायांची ओळ होती. ड्रायव्हर ओरडत आला, “सरका, ब्रेक न्हाई! सरका!” आणि बाया सरकायच्या आत त्याने जीप मुरमाच्या ढिगावर घातली. जीप उलटली. बाया वाचल्या. त्याला खरचटलं. मागचा एक ड्रम सुटून पुढे आला तो त्याच्या बायकोच्या डाव्या हातावर, लोखंड आणि दगड यांच्यात हात. तिला ट्रकमध्ये घालून तासाभरापूर्वी तालुक्याला नेलं होतं. ड्रायव्हरला कामावरच्या मुकादमाने जाऊ दिलं नाही. मालक येईपर्यंत बस इथंच, म्हणाला.

तो बाभळीखाली उकिडवा बसला होता आणि सगळं काम सोडून लोक त्याच्याभोवती जमले होते. कोणी म्हणत होतं डुलकी लागली, कोणी म्हणत होतं बायकोशी बोलण्यात दंग असणार. तो एकच सांगत होता, “ब्रेक दाबला. खाली गेला.” जीपकडे कोणाचंही लक्ष नव्हतं.

मी जीपकडे गेलो. कुशीवर पडल्यामुळे तिचं पोट समोर उघडं होतं, गाडीखाली शिरायचीही गरज नव्हती. पुढचा डावा शॉकअप खालच्या खुंटीवरून निसटून लोंबत होता. खुंटीच्या भोकात तारेचा काळा तुकडा अडकलेला. खडकावरच्या दणक्यांनी तार झिजून तुटली, वायसर गेला, शॉकअप निसटला आणि झुलत राहिला. त्याच्या बाजूनेच ब्रेकचं तेल नेणारा रबरी हौज पाइप जातो. त्या पाइपावर शॉकअपचं लोखंड आपटत, घासत राहिलं होतं. पाइप फाटला होता, आणि चाकाच्या आतल्या बाजूला ब्रेक ऑइल पसरून त्यावर धूळ बसली होती. ताजी धूळ नव्हे. वरच्या वाटेपासून बसत आलेली. म्हणजे ब्रेक उतारावर यायच्या आधीच रिकामा होत आला होता.

एका तारेने. माझ्या तारेने. हे समजायला मला जेवढा वेळ लागला त्याच्या आत माझे हात चालू झाले होते. आज हे लिहितानाही मला त्याचाच धक्का बसतो. मी ठरवलं असतं तर एक वेळ समजलं असतं. मी काहीच ठरवलं नाही. पक्कड बाहेर आली, तुकडा ओढून निघाला, शॉकअप खुंटीवर चढला, रबर दाबलं, खिशातला वायसर, पुडीतली पिन, पाय फाकवले. वर थोडं ग्रीस आणि मूठभर माती. इतकं नीट काम मी त्या आठवड्यात केलं नव्हतं. तारेचा तुकडा ढिगाऱ्यात टाकला नाही, खिशात टाकला. उठून उभा राहिलो, पक्कड खिशात घातली आणि हातांवरची माती झाडली.

मालक आले. आधी त्यांनी बायांची विचारपूस केली, मग ड्रायव्हरसमोर उभे राहिले. त्याने पुन्हा तेच सांगितलं. मालक माझ्याकडे वळले. वाईट माणूस नव्हते ते. रागात होते, पण खरं काय ते त्यांना हवं होतं.

“मेस्त्री, तुमी बघितली गाडी? ब्रेक हुता का न्हवता?”

 मी म्हणालो, “हौज पाइप फाटलाय, पण तो उलटल्यावर दगडाने फाटलाय. त्याच्या आधी ब्रेक होता.”

हा आवाज माझाच होता. शांत, रोजचा, गॅरेजमधला. तो ऐकून मीच चमकलो. वाटलं होतं की आवाज कापेल, कोणीतरी ओळखेल, जवळ येऊन बघेल. कोणी आलं नाही. माझं काम परत बघावं लागत नाही, हे त्यांना पाच दिवसांपूर्वीच सांगितलेलं होतं.

मी ड्रायव्हरकडे बघितलं. तो चिडेल, माझ्या अंगावर येईल, खोटं बोलतो म्हणेल, अशी मी वाट बघत होतो. एवढं झालं असतं तर मी कबूल झालो असतो, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं की खोटं, मला माहीत नाही. तो माझ्यावर चिडला नाही. त्याने उजवा पाय पुढे घेतला, वहाण काढली आणि पायाकडे बघू लागला. जणू तो पाय पहिल्यांदाच बघतोय.

“मेस्त्री म्हनतात तर हुता आसंल,” तो हळू म्हणाला. “माझा पाय दुसरीकडंच पडला आसंल मग.”

मालकांनी त्याला काढून टाकलं. मारलं नाही, पोलिसांत दिलं नाही. “बायकोकडं जा” म्हणाले आणि तोंड फिरवलं.

तालुक्याच्या दवाखान्यात मी चौथ्या दिवशी गेलो. केळी घेऊन गेलो होतो. तिच्या डाव्या हाताची तीन बोटं काढली होती, उरलेली दोन वाकत नव्हती. नवरा खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसला होता. मला बघून ती उठून बसायला लागली.

“मेस्त्री, बरं झालं आलात. तुमी तरी ह्यास्नी सांगा. मी शेजारीच बसल्येली हुते. ह्यांचा पाय बिरीकवरच हुता. दोनी पायांनी दाबत हुते, पार उठून उभं ऱ्हाऊन. मी बघितलंय माझ्या डोळ्यानं.”

“गप गं,” तो म्हणाला.

“का गप? बघितलंय ते बघितलंय.”

“गप म्हनतो न्हवं! मेस्त्री काय खोटं बोलत्यात व्हय? त्यांनी गाडी तपासली. तुला काय कळतंय गाडीतलं?”

ती माझ्याकडे बघत राहिली. त्या खोलीत खरं जाणणारी दोन माणसं होती, एक ती आणि एक मी. मी म्हणालो, “आधी बरं वाटू द्या.” आणि केळी खाटेवर ठेवून बाहेर आलो. बाहेर नळावर तोंड धुतलं, नळाला पाणी नव्हतं हे तोंडाला कोरडा हात लागल्यावर कळलं.

त्यानंतर कित्येक वर्षं मी त्यांना बघितलं नाही. पुढे माझं स्वतःचं गॅरेज झालं, सावेडीत घर झालं. दुष्काळ संपला तसा लोक त्या दिवसांबद्दल बोलायचे संपले. मी नवीन लागलेल्या मेकॅनिकला लाल चिंधीचा दंडक शिकवायचो आणि तो का आहे हे विचारलं की ओरडायचो.

दोन वर्षांपूर्वी काष्टीला एका ट्रॅक्टरच्या कामासाठी गेलो होतो. ऊसतोडीचे दिवस. शिवारात तोडकऱ्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडल्या होत्या, रस्त्याने उसाच्या गाड्यांची रांग लागलेली. ट्रॅक्टरखालून बाहेर आलो तर बैलांची एक टायरगाडी थांबलेली, आणि गाडीवरचा माणूस माझ्याकडे बघून हसत होता. डोक्याला टॉवेल. केस सगळे पांढरे.

“वळखलं का, मेस्त्री?”

मी ओळखलं.  तो खाली उतरला, माझ्या ग्रीसच्या हाताला हात लावला आणि ट्रॅक्टरवाल्याला म्हणाला, “बिनघोर ऱ्हावा. ह्यांच्या हातचं काम म्हंजी परत बघायचं न्हाई. मी वळखतो त्यास्नी लई वर्सापासून.”

गाडीमागून ती आली. डावा हात पदराखाली. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता धरतात, मजुरीही तशीच ठरते. ही हाताने अधू, तरी डाव्या कोपरात मोळी दाबून उजव्या हाताने आणि दातांनी बांधायची. मुकादम त्यांना पुरा कोयता धरत नव्हता. हे तिने सांगितलं नाही, तोच हसत हसत सांगत होता.  तिने मला फक्त एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं.

“ड्रायव्हिंग?” मी विचारलं. कशाला विचारलं, देव जाणे.

“छ्या! त्या दिवसापासून ष्टेरिंगला हात न्हाई लावला. बैलाला पायाचं काम न्हाई, मेस्त्री. बैल बरा.” आणि मग सहज, पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाला, “थोरलं पोरगं मागं लागलं हुतं, ट्रकवर जातो म्हनून. मी न्हाई जाऊ दिलं. म्हनलं, आपल्या पायात खोट हाय बाबा. माझ्या हाय म्हंजी तुझ्यात बी आसनार. कुनाच्या जिवावर उठायचं? कोयता घे.”

पलीकडच्या फडात तो मुलगा ऊस तोडत होता. बापाइतकाच उंच, बाप्या माणूस. त्याने माझ्याकडे बघून हातही केला.  तोवर मला वाटत होतं, मी एका माणसाची नोकरी घालवली. त्याच्या बायकोचा हात घालवला, हेही मी रात्रंदिवस जाणत होतो. पण एका खोट्या वाक्याने मी त्याच्या पायावर खोट लिहिली, आणि ती त्याने मुलालाही वाटून दिली, हे माझ्या हिशेबात कधीच आलं नव्हतं. तोंड उघडलं. “अहो, त्या दिवशी...” एवढं म्हणालो.

“जाऊ द्या, मेस्त्री,” तो घाईने म्हणाला. “तुमी खरं तेच सांगितलं. तुमच्यावर माझा राग न्हाई. कंदीच नव्हता.”

ती मात्र थांबली होती. दवाखान्यातल्या त्या दिवसासारखीच माझ्याकडे बघत. पुढचे शब्द मी बोललो असतो तर तिने ते झेलले असते. मागच्या गाडीवाल्याने हाळी दिली, हा गाडीवर चढला, याने बैलांच्या शेपटीला हात लावला, गाडी हलली. ती गाडीच्या मागून चालत गेली आणि वळून बघितलं नाही.

मी हे कागदावर लिहिलं म्हणजे सांगितलं, असं नाही. लिहायला धीर लागत नाही, लागला तर थोडा. दर वर्षी त्यांची टोळी काष्टीच्या बाजूला येते, हे मला माहीत आहे. कोप्या कुठे पडतात तेही माहीत आहे. सावेडीपासून फार लांब नाही.

त्याच्यासमोर, त्याच्या बायकोच्या आणि मुलाच्या देखत, मला एवढं सांगायचं आहे की त्या दिवशी ब्रेक नव्हता, तो माझ्यामुळे नव्हता, आणि त्याच्या पायात काही खोट नाही. हे मी त्याचं देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.